तीन गाड्या अन् याडीचा गुडघा

माझा भाऊ राह्यते टेक्सासले अन् नाक खुपसते पुसदच्या आमच्या घरात. भाजी कोणती केली, टाकीत पाणी आलं काय, याडीनं गोळी घेतली काय. याडी म्हणजे आमची माय. आमच्या तांड्यावर मायले याडीच म्हणते, अन् मोठ्या बहिणीले बाई. तं हा भाऊ एका दुपारी फोनवर म्हणते, "बाई, तीन गाड्यायचे फोटो धाडले. तू अन् आपला गॅरेजवाला मिस्त्री मिळून पाहा अन् कोणती घेऊ ते सांग."

मी नुकतीच ड्युटीवरून येऊन पाय पसरून बसली होती. वीस वर्षं झाली मले एसटीत कंडक्टर म्हणून. पुसद-महागाव, पुसद-नेर, जिकडं लावलं तिकडं. दिवसभर उभं राहून, सुट्ट्यासाठी लोकायसंगं भांडून घरी आलं की मले कोणाची गाडी पाहाची काही हौस नसते. तरी उघडले फोटो. बाप्पा! एक पिवळी, एक लाल, एक काळी. तिन्ही जमिनीले टेकलेल्या, नाकाडं लांबच लांब, अन् दारं दोनच.

"अबे, मागची दारं कुठं गेली?"

"बाई, ह्या मसल कार आहेत, जबर इंजिनच्या. यायले दोनच दारं असते."

"मंग मागच्या माणसाले काय खिडकीतून कोंबतं?"

"पुढची सीट वाकवाची अन् जाचं मागं."

"अन् उतराचं असलं तं?"

"ते... ते पाहू," तो म्हणे. म्हणजे त्यानं ह्याचा विचारच केला नव्हता. इंजिनियर आहे ना! मंग सुरू झाला, की बाई, लहानपणापासून एकच स्वप्न आहे, आता नाही तं कधी घेऊ, बायकोची मोठी गाडी तिच्या ड्युटीवर जाते, अन् याडी इथं आली की तिले मी याच गाडीत फिरवणार. पिवळी कॅमारो, लाल मस्टँग, काळी चॅलेंजर. तिन्ही वापरलेल्या, पण चकाचक, अन् पिवळी सगळ्यात महाग. त्याचं मन पिवळीवर होतं, हे मले तो न बोलताच समजलं. पिवळीचे अकरा फोटो होते अन् बाकीच्यायचे दोन-दोन.

आता याडीचं सांगते. तीन वर्षांपासून तो तिले बोलावून राह्यला होता. व्हिसा झाला, तरी याडी जाचं नाव घेत नव्हती. कधी तूर यायची आहे, कधी मामाच्या घरी लग्न आहे. शेवटी तिनं आपला उजवा गुडघा पुढं केला. म्हणे, "तिथं गाडीबिगर पावशेर दूध बी आणता येत नाही म्हणते. मले त्याच्या गाडीत बसता-उतरता आलं तं जाईन. नाही तं सहा महिने घरात कोंडून घ्याले कायले जाऊ?" भावानं हा शब्द पकडून ठेवला. मले म्हणे, "बाई, तू पाहा तिले जमते का. जमलं तं तिकीट काढतो. नाही जमलं तं पुन्हा नाव नाही काढत." म्हणजे हा उंटावरून शेळ्या हाकणार, अन् शेळ्या राखाच्या मी.

अन् आता खरं सांगते. मले तिनं जावं असं वाटत नव्हतं. माझं अन् नवऱ्याचं फाटलं त्याले बारा वर्षं झाली. तो त्याच्या जागी, मी माझ्या. तवापासून घरात आम्ही दोघीच. मी ड्युटीवरून येते तवा ती दारात बसलेली असते, अन् आल्या आल्या पहिला प्रश्न, "आज कोणाशी भांडली?" मी सांगते, ती हासते, मंग आम्ही जेवतो. सहा महिने हे कोणाले सांगू? भिंतीले? म्हणून जवा त्यानं "जमते का पाहा" म्हटलं, तवा माझ्या मनात पहिलं हेच आलं की नाही जमलं पाहिजे. मी काही देवी नाही.

आमच्या घराण्यात कोणतीही गाडी मिस्त्रीनं पास केल्याबिगर येत नाही. दिग्रस रोडवर त्याचं गॅरेज आहे. मामाची पहिली मोटारसायकल, मालाची गाडी, ट्रॅक्टर, सगळं त्यानं पास केलं. पास कराची त्याची रीत एकच. लांब स्क्रू डायव्हरचं टोक इंजिनले लावाचं, दांडा कानाले लावाचा, डोळे मिटाचे. मंग उघडून म्हणाचं, "ले लो," नाही तं "छोड दो." त्याच्यापुढं अपील नाही. माझ्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मी याडीले घेऊन तिथं गेली. मामा बी महागाववरून सोयाबीनच्या भावाची चौकशी कराले आलता, तो बी आमच्या मागं मागं आला. मामा म्हणजे याडीचा भाऊ. जिथं चहा, तिथं मामा.

मिस्त्रीनं फोटो पाह्यले अन् म्हणे, "कंडक्टर मॅडम, फोटोसे क्या होता? आवाज मंगाओ."

भावानं आधीच काढून ठेवलेले तिन्ही गाड्यायचे चालू इंजिनचे व्हिडिओ धाडले. मिस्त्रीनं फोन कानाले लावला अन् डोळे मिटले. सवयच ती. पिवळी गुरगुरली, लाल खाकरली, अन् काळी अशी घुमली का टेबलावरचा चहाचा कप थरथरला. मिस्त्रीनं डोळे उघडले. "तिन्हीत आठ-आठ सिलेंडर. अल्ला कसम, दिल खुश हो गया."

"अन् पळते कोणती?" मी विचारलं.

भाऊ फोनवर होताच. म्हणे, "पिवळी चार सेकंदाच्या आसपास शंभरचा स्पीड घेते. लाल तिच्या मागंच. काळी पाचच्या जवळ."

"चार सेकंदात माझा ड्रायव्हर पहिला गियर बी टाकत नाही," मी म्हटलं. "अन् तुले एवढी घाई कायची आहे? तिथं कोणाची पंगत उठून राह्यली?"

मंग आलं वजन. पिवळी सगळ्यात हलकी, साडेसोळा क्विंटलच्या वर. लाल सतरा-साडेसतरा. काळी एकोणीसच्या जवळपास. हे आकडे ऐकताच मामा उठून बसला. आमच्या बंजारा लोकायनं पिढ्यान्पिढ्या बैलायच्या पाठीवर मीठ अन् धान्य वाह्यलं. क्विंटल ऐकलं का आमच्या माणसाचे कान टवकारतेच. मामा म्हणे, "काळीच घे पोरा! एकोणीस क्विंटल कापूस एका खेपेत म्हणजे काय खेळ झाला?"

"मामा, ते गाडीचं सोताचं वजन आहे. माल नाही नेत ती."

"मंग काय नेते?"

"दोन माणसं. चार, पण मागचे दोघं लहान पाह्यजे."

मामानं मिस्त्रीकडं पाह्यलं, मिस्त्रीनं वर पाह्यलं. "एकोणीस क्विंटल लोखंड दोन माणसाले वाहाले?" मामा म्हणे. "अन् तिथं लोक याले शायने म्हणते?" बोलून तो रागानं चहा प्याला, जसं काही त्याच्याच खिशातून पेट्रोल जाणार होतं.

मिस्त्रीनं मंग नीट समजावून सांगितलं, अन् मले ते पटलं. तो म्हणे, हलकी गाडी वळणावर आपल्या मुठीत राह्यते, पिवळी घाटात मजा देईन. पण तिच्या खिडक्या बारक्या, आतून बाहेरचं धड दिसत नाही. काळी जड अन् लांब, तिले वळवाचं म्हणजे ऊसाची ट्रॉली वळवणं. पण तेच वजन खड्डा पोटात घेते, बसणाऱ्याच्या कमरेले समजू देत नाही, अन् सीट बी तिची सोफ्यासारखी. लाल दोघीच्या मधली. "मले म्हणशील तं लाल," तो म्हणे. "लेकिन सवारी कौन है? अम्मा. तो अम्माकी कमर बोलेगी, मैं नहीं." आम्ही सगळ्यायनं याडीकडं पाह्यलं. ती तवापासून बाकड्यावर बसून मिस्त्रीच्या बकरीले भाकरीचा तुकडा चारून राह्यली होती.

भावानं त्या गाड्यायच्या यार्डात जाऊन टेपानं मापं घेतलती. जमिनीपासून सीट किती, दाराचं छप्पर किती, दार किती उघडते. मिस्त्री म्हणे, हातच्या काकणाले आरसा कायले, इथंच गाडी बनवू. त्यानं भंगारातल्या एका जुन्या कारची पुढची सीट काढली अन् विटायवर ठेवली. दोन बाजूनं दोन बल्ल्या रोवल्या, त्याच्यावर छपराच्या उंचीवर आडवा बांबू बांधला, का डोकं वाकवूनच आत जावं लागलं पाह्यजे. दारासाठी टिनाचा पत्रा. विटा कमी-जास्त करून तिन्ही गाड्या त्या एकाच सीटवर होणार होत्या. मामा बांबूले पकडून उभा राह्यला. रस्त्यावरचे लोक थांबून पाहाले लागले. एकानं विचारलं बी, "कोणाचं लग्न आहे?"

मी तपासणीले आलेल्या साहेबासारखी उभी होती. बांबू दोन बोटं वर दिसला तं मी खाली घ्याले लावला. पत्रा जास्त उघडा दिसला तं मी सरकवला. "दोन गाड्यायच्या मधात लावल्यावर दार एवढंच उघडते," मी म्हणत होती. मिस्त्री म्हणे, "मॅडम, इतनी सख्ती?" मी म्हटलं, "माप म्हणजे माप." अन् मनात मले माहीत होतं का मी कायले एवढी कडक झाली.

पहिले काळी. सगळ्यात उंच सीट. याडी अंगानं तिरपी झाली, डोकं वाकवलं, बसली. उठताना मिस्त्रीच्या खांद्याले हात लावला, पण उठली. मंग एक थर विटा काढल्या, लाल झाली. याडी बसली. उठाले लागली तं मधातच थांबली, "अगं माय," म्हणाली, मामानं हात दिला तवा उठली. मंग पिवळीची पाळी. याडी खाली गेली ती धपकन् बसली. उठाचा प्रयत्न केला, नाही जमलं. दुसऱ्यांदा केला, उजवा गुडघा दाबून धरला, कण्हली अन् माझ्याकडं पाहून म्हणाली, "नाही होत पोरी. सांग त्याले, नाही होत. काळीतबी नाही जमत खरं म्हटलं तं. राहू दे, मी नाही जात."

मिस्त्रीनं मान हालवली. मामा "अरेरे" म्हणे. फोनवर भाऊ होताच, त्याले मामानं ओरडून सांगितलं, तिले उठता येत नाही. अन् मी? मले आनंद झाला. लाज वाटते सांगाले, पण झाला. छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं. आजची संध्याकाळ, उद्याची, सगळ्या संध्याकाळी माझ्याच राहणार होत्या.

पण मी वीस वर्षं कंडक्टर आहे. पंच्याहत्तरच्या वरच्यायले फुकट प्रवास झाला तवापासून साठीचा माणूस बी माझ्या बसमधी कमरेत वाकून चढते. अर्ध्या तिकिटासाठी मिसरूड फुटलेलं पोट्टं गुडघे मोडून उभं राह्यते. मले कार्ड पाहाचीबी गरज पडत नाही. ज्याले खरंच दुखते ना, तो आपल्या गुडघ्याकडं पाह्यते, पायरीकडं पाह्यते, दांडा कुठं आहे ते पाह्यते. सोंग करणारा माणूस कंडक्टरकडं पाह्यते. त्याले पाहाचं असते का हिले पटलं का नाही.

अन् याडी माझ्याकडं पाहून राह्यली होती.

मी खाडकन् भानावर आली. ही बाई रोज सकाळी जमिनीवर बसून भाकरी थापते. आठ भाकरी झाल्या का काही न पकडता उठते, अन् वरून मले म्हणते, तू अजून झोपलीच काय. गेल्या हप्त्यात तुरीच्या शेंगा सोलाले दिवसभर उकिडवी बसली होती. गुडघा दुखते तिचा, थंडीत जास्त दुखते, ते खरं आहे. पण इतका नाही. ह्या सीटपेक्षा आमचा पाट खाली आहे!

मले असा राग आला का काय सांगू. तिचा बी, माझा बी. मी पुढं जाऊन पत्रा बाजूले फेकला.

"याडी, ऊठ."

"नाही होत म्हटलं ना."

"ऊठ म्हणते. मले काय अर्ध्या तिकिटात काढते? वीस वर्षं असे सोंगाडे पाहून राह्यली मी. ऊठ!"

मिस्त्री मधी पडला, "अरे मॅडम, बूढी अम्मा है." मी त्याच्यावरबी खेकसली. मामा बांबू धरून उभा होता, तो बांबूसकट मागं सरकला.

याडीनं माझ्याकडं पाह्यलं, मंग जमिनीकडं. अन् उठली. कोणाले हात न लावता, डोकं बरोबर वाकवून, एका दमात. उठून लुगड्याचा घोळ झटकला. बाहेर रस्त्यावरच्या एकानं टाळी वाजवली.

"काहून केलं तू असं?" मी ओरडली.

ती हळूच म्हणाली, "परवापासून तू नीट जेवली नाही. पहिल्या रात्री अर्धी भाकरी टाकली, काल तं पूर्णच. मले दिसत नाही काय? मंग मी कशी जाऊ?"

गॅरेजात एवढे लोक, अन् मी रडली. चांगली हुंदके देऊन रडली. माझे रोजचे प्रवासी पाहतीन, लोक पाहतीन, कशाची पर्वा नाही केली. याडी माझे डोळे पुसाले लागली तं मी तिचा हात झटकला अन् मंग तोच धरून ठेवला. फोनवर भाऊ ओरडून राह्यला होता, "काय झालं बाई? पडली काय याडी? कोणी सांगा ना मले!"

मी फोन घेतला. नाक पुसलं. म्हटलं, "काही नाही पडली. तुले आवडते ती घे. पिवळी घे."

"पण मामा तं म्हणे तिले उठता येत नाही."

"येते. तिन्हीतून येते. अन् ऐक, ती पुढं बसन, तुझ्या बाजूले. मागं कोंबली तं मी तिथं येऊन तुझं डोकं फोडीन. चार सेकंदाचे खेळ ती बसली असताना कराचे नाही. अन् तिकीट काढ."

मिस्त्रीनं माझ्या हातून फोन घेतला अन् त्याले सांगितलं, "ले लो." मामाले मात्र शेवटपर्यंत पटलं नाही. सगळ्यात हलकी गाडी घ्याची अन् ती सगळ्यात महाग, हे त्याच्या हिशोबात बसत नव्हतं. घरी जाईपर्यंत तो मले समजावत होता का काळी घेतली असती तं विकताना भंगारातबी वजन भरलं असतं.

महिन्याभरानं मी तिले सोडाले नागपूरले गेली. ओळखीचं एक कुटुंब त्याच विमानानं जाणार होतं, त्यायच्या हवाली तिले केलं. याडी नव्या स्वेटरात, नव्या बुटात, हातात लोणच्याची बरणी ठेवलेली पिशवी. बरणी जाऊ देतीन का नाही यावरून ती आमच्याशीच भांडून चुकली होती. आत जाची वेळ झाली. ते लोक पुढं झाले. याडी दोन पावलं गेली अन् परत आली.

"एक विचारू?" ती म्हणाली. "त्या दिवशी मी उठली नसती, तं तुले बरं वाटलं असतं ना?"

मी म्हटलं, "हाव. लय बरं वाटलं असतं."

"मंग काहून उठवलं?"

"बरं वाटलं असतं आठ दिवस," मी म्हटलं. "मंग तुझ्या तोंडाकडं पाहवलं नसतं मले."

तिनं पिशवी खाली ठेवली. माझ्या दोन्ही गालावरून हात फिरवून कानशिलापाशी बोटं मोडली, लहानपणी मोडत होती तशी. मंग पिशवी उचलली अन् आत गेली. मागं वळून पाह्यलं नाही तिनं. मी पोलिसानं हटकेपर्यंत तिथंच उभी होती.